दुसऱ्याच्या ओळीतला खोकला

मी एक तक्ता. फ्रिजच्या दारावर, दूधवाल्याच्या नंबराशेजारी चुंबकाखाली अडकवलेला. इथून सगळं स्वयंपाकघर दिसतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांच्या घरात डोकावायची मला भारी हौस. घरोघरच्या मोठ्या माणसांची सर्दी-पडशी मोजायला दवाखान्यानं मला काढलंय, म्हणजे माझा जन्मच त्यासाठी झालाय.

दवाखान्यात मला आखताना डॉक्टर मंडळींची चांगलीच जुंपली होती. मोठ्या माणसाला आजारी कधी म्हणायचं? एका शिंकेवर? शेवटी ठरलं : नाक, घसा, खोकला, ताप असे चार रकाने. एकाच माणसाच्या ओळीत त्यांतले दोन रकाने सलग दोन दिवस भरले, की सिस्टरला फोन करायचा. ती येऊन नाकात काडी फिरवणार, नमुना नेणार आणि आत कोणता विषाणू शिरलाय ते शोधणार.

या घरात माझ्यावर दोनच ओळी. वरची शिवणकाम करणाऱ्या काकूंची, खालची निवृत्त ड्रायव्हर काकांची. मोठी माणसं मोठी गमतीची असतात. काका खोकले की नाकात धूळ गेलेली असते. काकू खोकल्या की मिरचीचा ठसका. आजारी म्हणून कुणी नसतंच.

त्यांच्या मुलीचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं. दीड महिना दवाखान्यात, काचेआड. काकूंनी त्याला अजून हातात घेतलं नव्हतं. शुक्रवारी मुलगी त्याला घेऊन येणार होती. सहा झबली शिवून तयार होती.

बुधवारी काकूंचं नाक गळू लागलं. नाकाच्या रकान्यात खूण झाली. पाठोपाठ खोकला आला. काकूंची पेन्सिल माझ्यावर बराच वेळ थबकली, आणि हळूच खाली सरकली. खोकल्याची खूण पडली काकांच्या ओळीत! गुरुवारीही तेच. दोन माणसं, एकेक लक्षण. म्हणजे आजारी कुणीच नाही. मी काय बोलणार? तक्त्याला तोंड कुठलं?

शुक्रवारी सकाळी दूध काढायला आलेले काका चष्मा सावरत माझ्यापुढे थांबले.

"मी कधी खोकलो गं?"

"परवा. धूळ गेली म्हणालात ना."

काका नेहमीसारखे हसले नाहीत. "चाळीस वर्षांत फुटलेल्या सगळ्या कपबशा माझ्या नावावर खपवल्यास. हा खोकला नको खपवूस. एवढीशी फुप्फुसं आहेत त्याची."

काकू माझ्यावरच पाठ टेकून उभ्या राहिल्या. माझ्यापुढे अंधार झाला. पाठ हलत होती तेवढी कळली. मग वळून त्यांनीच पेन्सिल घेतली, दोन्ही खुणांपासून वर आपल्या ओळीपर्यंत बाण काढले आणि सिस्टरला फोन लावला. नंतर मुलीला. "येऊ नकोस गं इतक्यात," एवढंच म्हणाल्या.

नमुन्यात विषाणू निघाला. हा मोठ्यांना नुसता सर्दीवर सोडतो, पण अशा तान्ह्यांचा श्वास कोंडू शकतो, असं सिस्टर सांगून गेली. काकूंनी सहाही झबली पुन्हा धुतली.

काकूंची सर्दी गेल्यावर दोन आठवडे माझे रकाने कोरे राहिले, आणि काल बाळ आलं. काकू त्याला खांद्यावर घेऊन माझ्यासमोरून फिरत होत्या, तेवढ्यात ते शिंकलं. सगळं घर जागच्या जागी थिजलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. "याची ओळ नाही यात," म्हणाले, आणि तेव्हा कुठे सगळे हसले.

उद्या सिस्टर मला घेऊन जाईल. दवाखान्यातली मोजदाद करणारी माणसं बाणांपाशी अडखळतील, चूक समजतील. खोडू नका, एवढंच मागणं. ते काकूंनी स्वतःच्या हातांनी काढलेत. त्याच हातांनी काल बाळाला झबलं घातलं.