हानाकडे तोंड केलेला हापसा

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. बिडाचा, जड आणि आता गंजलेला. एके काळी माझ्या पाण्यावर एक अख्खं गाव जगत होतं. त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही, म्हणून त्याची गोष्ट मलाच सांगावी लागते.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, एका कारखान्याच्या भट्टीत झाला. ते मंदीचे दिवस होते. शहरात काम उरलं नव्हतं, म्हणून काही ज्यू कुटुंबं एका ओसाड माळावर शेती करायला आली. त्यांनी विहीर खणली आणि तिच्यावर मला बसवलं. तिथे जमीन सगळ्यांची होती, गाई सगळ्यांच्या होत्या आणि जेवणही एकाच मोठ्या खोलीत, सगळ्यांनी मिळून. अशा गावाला ते किबुत्झ म्हणत. खरी किबुत्झं समुद्रापार, पॅलेस्टाइनमध्ये होती. तसंच एक इथेही उभं राहावं, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. त्यांच्यात शिंपी होते, टोप्या शिवणारे होते. नांगर धरता येणारा एकही नव्हता. तरी संध्याकाळी माझ्यापाशी हातपाय धुताना ते गाणी म्हणायचे. मला फार बरं वाटायचं.

रिव्का स्वयंपाकघरात काम करायची. थंडीत मी गोठलो की ती माझ्यात किटलीभर गरम पाणी ओतायची आणि म्हणायची, "ऊठ रे आळशा!" तिचा नवरा याकोव गाईंचं बघायचा. त्यांना तिथेच एक मुलगी झाली. तिचं नाव हाना.

हाना चालायला शिकली नाही. पहिल्याच हिवाळ्यात खोकल्याने ती गेली. माळाच्या उंचवट्यावर तिला पुरलं आणि वर एक लाकडी फळी रोवली.

त्यानंतर रिव्का पाणी भरायला आली की तिचं लक्ष बादलीत नसायचं. मान वळवून ती उंचवट्याकडे बघत राहायची आणि बादली भरून वाहून जायची. एक दिवस ती याकोवला म्हणाली, "ह्याचं तोंड तिकडे कर ना. पाणी भरताना मला ती समोर दिसेल."

गावाच्या सभेत लोक कुरकुरले. माझं तोंड स्वयंपाकघराकडे होतं तेच सोयीचं होतं. पण याकोवने कुणाचं ऐकलं नाही. त्याने मला उचकटलं, नवं काँक्रीट ओतलं आणि हानाच्या दिशेला तोंड करून मला पुन्हा घट्ट बसवलं. सांडपाण्यासाठी माझ्या तोंडाखालून सरळ पुढे एक पन्हळ काढली. कुरकुरणारी माणसंही मग पाणी भरताना क्षणभर त्या उंचवट्याकडे बघू लागली.

गाव मात्र टिकलं नाही. लागोपाठ पिकं सडली. सभेत गाण्यांऐवजी भांडणं होऊ लागली. एकेक कुटुंब निघून गेलं. रिव्का आणि याकोव समुद्रापारच्या खऱ्या किबुत्झमध्ये जायला निघाले. जाण्याच्या दिवशी रिव्काने पाणी भरलं नाही. माझा दांडा हातात धरून ती नुसती उभी राहिली.

पुढे कुणीतरी तिथे बीट लावलं. ट्रॅक्टरच्या धक्क्याने मी आडवा झालो आणि हळूहळू मातीखाली गेलो. उंचवटाही नांगरून सपाट झाला. फळी कुजून गेली.

बऱ्याच वर्षांनी माझ्यावरची माती कुणीतरी हलक्या हाताने बाजूला केली. ती सुमेधा होती. नागपूरहून इथे पुरातत्त्व शिकायला आलेली. साल होतं १९८४. त्या माळावर नवी घरं होणार होती आणि त्याआधी उत्खनन करायला तिला एक उन्हाळा मिळाला होता. ती जवळच्याच नोव्हाय गावात जगन्नाथकाका आणि मालिनीकाकूंकडे राहायची. काका मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर होते आणि त्या माळावरचा एक प्लॉट त्यांनीच घेतला होता.

"सुमेधा, बिल्डर म्हणतो ऑगस्टमध्ये फाउंडेशन सुरू," काका म्हणायचे. "तुझं डिगिंग संपणार कधी?"

"काका, फक्त हा समर द्या. नंतर इथे काहीच उरणार नाही."

पेपरात उत्खननाची बातमी आली आणि एका सकाळी काठी टेकत एक म्हातारी बाई आली. मी तिला लगेच ओळखलं. रिव्का! याकोव वारल्यावर ती बहिणीकडे डेट्रॉइटला परतली होती.

"माझी मुलगी इथे आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "कुठे ते सापडत नाही. इथे एक उंचवटा होता."

सुमेधाने चारी बाजूंना पाहिलं. माळ तर तव्यासारखा सपाट होता.

"हापशाचं तोंड तिच्याकडे होतं," रिव्का म्हणाली.

पण मी तर आडवा पडलो होतो. मला माहीत होतं, मित्रांनो. पण लोखंडाला वाचा कुठली?

सुमेधाने जमिनीत तसाच राहिलेला माझा काँक्रीटचा चौथरा घासून स्वच्छ केला. बोल्ट जागेवर होते आणि याकोवने काढलेली पन्हळही. तिच्या रेषेत काकांनी दोरी ताणली. दोरी सरळ गेली ती त्यांच्याच प्लॉटमध्ये. काका दोरीचं टोक धरून प्लॉटकडे बघत राहिले.

"अहो, बघत काय बसलात?" काकू म्हणाल्या. "फावडं घ्या."

दोरीखालची माती त्यांनी थराथराने खरवडली. पिवळसर मातीत एक लहानसा काळपट चौकोन दिसला. पाळण्याएवढा. आत काचेची दोन बारीक बटणं होती. बाकी काही नाही.

"आजी," सुमेधा तिला नकळत मराठीतच हाक मारून गेली. मग इंग्रजीत म्हणाली, "इथली माती आम्लयुक्त आहे. इतकी लहान हाडं टिकत नाहीत."

"म्हणजे ती नाहीच?"

"आहे ना. ही काळी माती दिसते ना, तीच हाना आहे."

रिव्का खाली बसली आणि तिने त्या मातीवर तळहात ठेवला. काका म्हणाले, "मी हा प्लॉट कॅन्सल करतो."

"नको," रिव्का म्हणाली. "घर बांधा. इथे मुलं खेळू देत. फक्त त्यांना हानाबद्दल सांगा."

परवानगी घेऊन ती माती एका पेटीत भरली आणि डेट्रॉइटच्या दफनभूमीत पुरली. पानगळ व्हायच्या आत रिव्काही तिच्या शेजारी गेली.

काकांनी घर बांधलं आणि मला अंगणात उभं केलं. येणाऱ्या प्रत्येक मुलाला काकू हानाची गोष्ट सांगायच्या. पण काकांची नोकरी बदलली. घर विकून ते कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराला गेले. सुमेधाही शिक्षण संपवून गेली. आता इथे दुसरी माणसं राहतात. त्यांनी मला लाल रंग दिला आहे. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. हानाचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्ही जिथे खेळता तिथे तुमच्याआधी कोण राहत होतं, ते विचारा. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारा. मला रोज वाटतं, एखाद्या मुलाने खेळता खेळता थांबावं आणि म्हणावं, "हा इथे कुठून आला?" मला उत्तर देता येणार नाही. पण त्याने विचारलं, तर कुणीतरी शोधायला निघेल.