सक्तीचा आराम

बसून पगार मिळाला तर कुणाला नको, असं आपण सहज म्हणून जातो. कपड्यांच्या कारखान्यातल्या मास्तरीणबाईंना मात्र तो आठवड्याभरात नकोसा झाला.

मास्तरीण हे त्यांचं टोपणनाव. बावीस वर्षं त्या कापड बेतण्याच्या टेबलाशी उभ्या राहिल्या होत्या. तिथल्या निम्म्या पोरींना कात्री धरायला त्यांनीच शिकवलं होतं. मग स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, त्या बाजूचा हात दुखरा झाला, पाच महिने रजेत गेले. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध घेणं अजून चालू होतं, पण डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढं काम करा. बाई हौसेने हजर झाल्या, तर व्यवस्थापकांनी त्यांना नमुन्यांच्या खोलीत खुर्ची दिली.

"बसा निवांत. कशाला हात लावू नका."

निवांत कसलं, जिवाची नुसती तगमग! उठायचं, खिडकीशी जायचं, पुन्हा बसायचं. नीट लावलेले गुंड्यांचे डबे त्यांनी तीनदा लावले. भिंतीपलीकडे मशिनं धडधडत होती. पोरी दारातून डोकावायच्या, "बरं आहे ना?" म्हणायच्या आणि उत्तर ऐकायच्या आत पसार व्हायच्या.

शुक्रवारी व्यवस्थापक एक कागद घेऊन आले. राजीनाम्याचा.

"तुमच्याच भल्यासाठी हो. घरी लेकीजवळ राहा. सोमवारी सही करून द्या."

ते गेल्यावर मशिनं दुरुस्त करणारे काका पाना शोधत आत आले. बाईंनी कागद पुढे केला.

"करून टाकते सही. उगाच दुसऱ्यांवर भार."

काका खाली बसले. "माझी नजर अधू झाली तेव्हा साहेबांनी माझ्या टेबलावर मोठा दिवा लावून दिला. मी भार झालो का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? डोळ्यांना दिवा चालतो, मग हाताला आधार का चालू नये? तुझा हात दुखतो. बावीस वर्षांचं कसब कुठे दुखतंय? आणि काय हवंय ते तू तरी कुठे सांगितलंस? तोंड शिवून बसलीस."

बाईंनी कागदाची घडी घातली. ते खरं होतं. लोक दया दाखवतील या धास्तीने त्या कुणाशी बोलल्याच नव्हत्या.

शनिवार-रविवार त्या घरभर येरझाऱ्या घालत राहिल्या. दोनदा पेन उचललं, दोनदा ठेवलं. शेवटी लेक म्हणाली, "आई, सही करायची नसेल तर दुसरं काहीतरी लिही ना."

सोमवारी त्यांनी व्यवस्थापकांपुढे सही न केलेला राजीनामा ठेवला आणि शेजारी वहीचं एक पान. कापडाचे गठ्ठे दुसऱ्याने उचलावेत. टेबलाशी उंच स्टूल हवं. दुपारी अर्धा तास पडायला जागा. औषधाच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी.

व्यवस्थापकांनी पान वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटलं, मी तुम्हाला सुखात ठेवलंय."

"साहेब, तुम्ही मला विचारलंच नाहीत."

व्यवस्थापकांनी राजीनाम्याचा कागद फाडला. "चुकलं माझं. स्टूल आजच मागवतो."

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. कधी हात सुजतो, कधी बाई दुपारीच घरी जातात. नव्या पोरींपैकी एक गठ्ठे उचलताना अजूनही कुरकुरते. पण कापड बेतलं जातं, आणि परवा पाठदुखीने बेजार झालेल्या इस्त्रीवालीनेही धीर करून स्टूल मागितलं.

तुमच्याही कचेरीत, दुकानात, शाळेत उद्या अशी एखादी बाई परतेल. तिच्या वतीने तुम्हीच ठरवून मोकळे होऊ नका. आजाराने तिची ताकद थोडी नेली असेल, तिचं काम आपण नेऊ नये. तिच्याजवळ जा, विचारा, "काय केलं तर तुला काम करता येईल?" आणि उत्तर ऐकेपर्यंत तिथेच थांबा.