उसनी मर्सिडीज
सव्वीस वर्षं इर्बिद शहरात मिनीबस चालवतोय मी. सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी गाडीच्या नोंदणीच्या कार्डावरची मुदत बघायची, हा माझा नेम. नव्या पोरांना यावरून इतका पिडतो, की अड्ड्यावर मला 'कागदवाले मामा' म्हणतात. आणि याच शहाण्यानं सख्ख्या भाच्याच्या मागणीच्या दिवशी माती खाल्ली.

रकान म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, वद्हाचा, एकुलता एक मुलगा. बाप नाही त्याला. बायकाबायकांत मुलीकडचा होकार झाला होता. वडीलधाऱ्यांनी जाऊन चारचौघांत मागणी घालायची, तेवढंच उरलं होतं. आमच्याकडून जमातीतले सर्वांत मानाचे बुजुर्ग, हाज दैफल्लाह, बोलणार होते. बाकीची पुरुषमंडळी थेट मुलीकडे जाणार आणि हाजींना त्यांच्या गावाहून मी आणायचं, असं ठरलं.

पण एवढ्या मोठ्या माणसाला माझ्या खटाऱ्यातून कसं न्यायचं? शेजारच्या अबू तर्रादनं वीस माणसांसमोर आपल्या काळ्या मर्सिडीजची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "रकान मलाही मुलासारखाच आहे. खुशाल ने!"

देवाशपथ, कार्डाचं विचारायला तोंड उघडलं होतं मी. पण माणूस आपणहून गाडी देतोय आणि त्याला म्हणायचं, कागद दाखव? आमच्यात हे थोबाडीत मारल्यासारखंच. किल्ली खिशात टाकली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच?

हाजींना घेऊन निघालो आणि नाक्यावर पोलिसानं हात केला. गाडीच्या खणात कार्ड सापडलं. मुदत संपून आठ महिने झालेले.

"काका, गाडी इथंच राहील."

"अरे, गाडी माझी नाही!"

"नसू दे. रस्त्यावर आणायच्या आधी बघायचं काम तुमचंच ना? धंद्याचं लायसन आहे तुमच्याकडे, हे मी शिकवायचं?"

कानशिलं तापली माझी. "मागं कोण बसलंय माहीत आहे का तुला?" मी ओरडलो.

हाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुफ्लिह, माझं नाव वापरू नकोस," म्हणाले आणि अंगावरचा पायघोळ अबा सावरत खाली उतरले.

दुसरं वाहन मिळेना. शेवटी टोमॅटोच्या एका पिकअपवाल्यानं आम्हाला घेतलं. पोचलो तेव्हा तासभर उशीर झाला होता, आणि हाजींच्या अब्यावर टोमॅटोचा भलामोठा डाग.

दिवाणखाना माणसांनी भरलेला. मुलीच्या बापानं, अबू लाफीनं, हाजींसमोर कॉफीचा पेला ठेवला. मुलगी दिली असा शब्द मिळाल्याशिवाय तो ओठांना लावायचा नसतो. हाजींनी मागणी घातली. रकान मान खाली घालून बसला होता.

"मुलगा चांगला आहे असं मुफ्लिहमामांनीच मला सांगितलं होतं," अबू लाफी म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पण एवढा उशीर का झाला हो?"

"पंक्चर," मी म्हणालो. कुठून आला तो शब्द, कोण जाणे!

हाजींनी डोळे मिटले. "पंक्चर नव्हतं, अबू लाफी. गाडीची नोंदणी संपलेली होती. पोलिसांनी ठेवून घेतली."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. जमीन दुभंगावी असं वाटलं मला.

अबू लाफीनं आवाजसुद्धा चढवला नाही. "मामा, गाडीचं एक वेळ सोडून देऊ. पण मुलाबद्दल मला जे जे कळलं, ते तुमच्या तोंडून. ते आता मला दुसऱ्या कुणाला तरी विचारायला हवं. महिनाभरानं या."

हाजी उठले. पेला भरलेलाच राहिला. चाळीस वर्षं लोकांसाठी मागण्या घालताना त्यांच्या वाट्याला असं कधी आलं नव्हतं, आणि मला ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी परतलो तर वद्हा दारातच उभी होती. मिठाईची परात शेजारणींच्या हातात, त्यांचे चेहरे आनंदानं फुललेले. रकान कुणाकडे न बघता आत गेला. मी सगळं सांगितलं, पंक्चरसुद्धा.

तिनं परातीवर फडकं ओढलं. मग माझी बाही धरून म्हणाली, "जाऊ दे रे. गाडी दुसऱ्याची, तू तरी काय करणार?"

वाटभर हेच वाक्य मी मनाशी घोकत आलो होतो. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते पंक्चरइतकंच खोटं वाटलं, आणि तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.