जंगलात थ्री-पीस

माझ्या बाबांना थंडी वाजते हे त्यांच्याकडून कबूल करून घ्यायला मला सप्टेंबर ते डिसेंबर लागले. तोवर नाक लाल, ओठ निळे, आणि विचारलं की उत्तर एकच: "मस्त हवा आहे." हट्टीपणात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही. मीही त्यातलीच, म्हणून सांगते.

बाबा म्हणजे भीमराव मेश्राम. नागपूरच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये अडतीस वर्षं सॉर्टर होते. २००६च्या सप्टेंबरात ते आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लेस्टरला आले. मी इथे हॉस्पिटलात फिजिओ; नवरा प्रणय मिल्टन कीन्सला आयटीत, म्हणजे अर्धं आयुष्य मोटरवेवर. आम्ही कामावर गेलो की दोघं खिडकीत बसून शेजाऱ्यांची कुत्री ओळखायला शिकत. आईनं, म्हणजे गयाबाईंनी, तरी बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती बायकांशी मैत्री जोडली. बाबा मात्र तीच वर्तमानपत्रं उलटसुलट वाचत होते. म्हणून एका रविवारी मी त्यांना माझ्या क्लबात नेलं.

माझा क्लब धनुष्यबाणाचा. लाकडी धनुष्य, पिसांचे बाण, नेम धरायला डोळे सोडून काही नाही. अमेरिकेत लोक असलं धनुष्य घेऊन भर थंडीत खरी शिकार करतात. इंग्लंडात त्याला कायद्यानं बंदी. तेव्हा आम्ही गावाबाहेरच्या रानात फिरून झाडाआड उभ्या केलेल्या फोमच्या हरणांवर, डुकरांवर आणि अतिशय मूर्ख चेहऱ्याच्या एका अस्वलावर बाण सोडतो.

आईला पहिली शंका आली ती पंचशीलाची. "हरीण मारायचं म्हणजे काय, सीमा? शील मोडते ना."

बाबांनी हरणाच्या पोटातल्या भोकात बोट घालून पाहिलं. "आतून गादी आहे," ते म्हणाले. "पाणातिपाताचा, जीव घेण्याचा, प्रश्नच नाही."

आणि मग बाबा जे लागले त्या नादाला, ते विचारूच नका. धावत्या गाडीत, हलत्या दिव्याखाली, वीतभर खणात अचूक पत्र फेकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला वीस पावलांवरचं हरीण म्हणजे मोठं टपालघर. ऑक्टोबर संपेपर्यंत ते माझ्याहून बरा नेम धरायला लागले. मला आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि बराचसा झालाही होता.

क्लबाचा ख्रिसमसचा सामना डिसेंबरातल्या एका रविवारी असतो. यादी लागली त्या दिवशी पहिलं नाव बाबांचं, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा. फेब्रुवारीत ते परत जाणार होते. हा त्यांचा पहिला सामना आणि बहुधा शेवटचा.

आणि नेमकी थंडी पडली. प्रणयनं त्यांना फुगीर जॅकेट घेऊन दिलं होतं. त्यात ते उबदार होते आणि हवा भरल्यासारखे दिसत. पण धनुष्याची दोरी सुटली की त्या फुगलेल्या बाहीवर सप्पकन बसे, आणि बाण हरणाला सोडून काटेरी झुडपात जाई. जॅकेट काढलं की नेम बरोबर, पण दहा मिनिटांत खोकला. मागच्याच हिवाळ्यात नागपुरात त्यांना न्यूमोनिया झाला होता. मी फिजिओ आहे, छातीचा आवाज ऐकून माझं पोट भरतं. मी सरळ सांगून टाकलं, "बाबा, अंगात नीट गरम काही नसेल तर मॅच नाही. फायनल."

ते यादीतल्या आपल्या नावाकडे एकदा बघून गाडीत बसले. मला फार वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

लोकर घ्या, असं डोरीन म्हणाली. डोरीन आमच्या क्लबाची सेक्रेटरी, वय अठ्ठ्याहत्तर, आणि कपड्यांच्या बाबतीत आमच्या शाळेच्या पीटी मास्तरांहून कडक. कोणी नवा कपडा घालून आलं की ती त्याची बाही आपल्या कानाशी धरून चोळते. आवाज आला की नापास. मग बाही ओढून बघते, ढिली असली की नापास. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, चालताना आवाज करत नाही आणि हाताला चिकटून राहते, हे ती प्रत्येकाला प्रत्येक वेळी सांगते. मी एकदा म्हटलं होतं, "डोरीन, हरणाला कान नाहीत. फोमचे आहेत." ती म्हणाली, "तो हरणाचा प्रश्न. आपण रीतीनंच जायचं."

सामन्याच्या आठवडाभर आधी, शनिवारभर, मी दुकानं पालथी घातली. नवीन स्वेटर बघावा तर अर्धा ॲक्रिलिक. खरी लोकर मिळावी तर वीण इतकी विरळ की वारा आरपार. दोन्ही जमावं तर बाही बाबांच्या बोटांच्या पुढे वीतभर, कारण बाबांची उंची पाच फूट दोन इंच. डोरीन म्हणाली, "नव्यात काय शोधतेस? चॅरिटी शॉपमध्ये जा. शंभर वेळा धुतलेली लोकर घट्ट बसते. माझ्या अंगावरचं सगळं तिथलंच आहे."

गेले. चॅरिटी शॉपमध्ये लोकांनी दान दिलेले, वापरलेले कपडे विकतात. पहिल्याच दुकानात स्वेटर मिळाला. बाटलीसारखा हिरवा, जाडजूड, छोट्या चणीच्या माणसाचा, बाह्या हाताबरोबर. डोरीननं कानाशी धरला असता तर तिला झोप लागली असती, इतका शांत. आणि तिथेच मी माती खाल्ली. घरी येऊन तो धुतला, वाळवला, एका मोठ्या दुकानाच्या नव्या पिशवीत घातला आणि बाबांना म्हटलं, "नवीन आणलाय."

का खोटं बोलले? कारण आमच्या घरात एक कायदा आहे आणि तो मला बाराखडीच्या आधीपासून पाठ आहे.

बाबांनी तो घातला, आरशात पाहिलं, खूश झाले. मग काढताना उलटा झाला आणि आतल्या शिवणीवर त्यांना एक पांढरी पट्टी दिसली. इथे शाळेतल्या मुलांच्या किंवा वृद्धाश्रमातल्या लोकांच्या कपड्यांवर शिवतात तशी, नावाची. मी किमतीचा कागद काढला होता, पट्टी माझ्या नजरेतून सुटली. ज्या माणसानं आयुष्यभर नावंच वाचली त्याच्या नजरेतून ती कशी सुटावी.

चहाच्या वेळी स्वेटर टेबलावर होता, पोस्टातल्या पार्सलासारखा चौकोनी घडी केलेला.

"ई. हॅलम," बाबा म्हणाले. "नाव आहे, पत्ता नाही. नाहीतर पोचवला असता."

"बाबा, मी सांगणारच होते."

"काऊन सांगणार होतीस? पिशवी तर नवीन आणली."

आई शेगडीवरच्या दुधाकडे बघत राहिली. गॅस बंद होता.

मी चिडले. चूक आपली असली की मी जास्त चिडते. "इथे सगळे घेतात, बाबा. आमच्या हॉस्पिटलचे कन्सल्टंट घेतात. डोरीन घेते. इट्स नॉट अ बिग डील. कोणी भीक म्हणून देत नाही."

"त्यांचं बरोबरच आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "त्यांच्या आजीला कोणी सांगितलं नव्हतं की हेच घाल म्हणून."

मग त्यांनी मला पुन्हा एकदा तेच सांगितलं जे मला माहीत होतं. माझी आजी बारा वर्षांची असताना गावात कोणी गेलं की मढ्यावरचं कापड आमच्या लोकांकडे येई, आणि तेच नेसावं असा दंडक होता. नागपुरात बाबासाहेबांच्या सभेहून ती आली आणि पुढच्या वेळी तिनं ते कापड उंबऱ्यावरूनच परत केलं. त्यानंतर पाच वर्षं तिच्याकडे एकच लुगडं होतं, तेही सतरा ठिकाणी शिवलेलं. "फाटकं चालेल, उतरलेलं चालणार नाही," असं ती म्हणे. बाबांच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तिनं मांजरपाटाचा नवा सदरा स्वतः शिवला होता, आणि मला माझ्या पहिल्या दिवशी बाबांनी नवा फ्रॉक घेतला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वेटर उचलला आणि म्हटलं, "चुकलं, बाबा." दुसऱ्या दिवशी तो दुकानात परत देऊन आले. हॅलम आजोबांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांचा स्वेटर चांगल्या घरी जावा असं मला मनापासून वाटलं.

पण गरम कपडा नव्हताच. माझी अट माझ्याच गळ्यात पडली होती, आणि सामना रविवारी होता.

रविवारी सकाळी गवतावर मिठासारखं दव गोठलेलं. मी फ्लास्क भरत होते, बाबा बघायला येतील अशा हिशेबानं. जिना वाजला आणि बाबा खाली आले, निळ्या थ्री-पीस सुटात. वेस्टकोट, टाय, खिशाला रुमाल, आणि विजार प्रणयच्या वेलिंग्टन बुटांत खोचलेली.

हा सूट सीताबर्डीच्या शिंप्याकडून माझ्या लग्नासाठी शिवला होता, आणि कापड घेताना बाबांनी दुकानदाराला तीन वेळा विचारलं होतं की लोकर अस्सल आहे ना. त्यानंतर तो दर चौदा एप्रिलला अंगावर चढे. नागपूरचा एप्रिल, बेचाळीस डिग्री, आणि अस्सल लोकरीचा थ्री-पीस. बाबा पुतळ्याला हार घालून घरी येत तेव्हा आई त्यांना आंघोळीच्याच खोलीत उभं करी. "काढा म्हटलं तर काढत नाही," ती म्हणे. बाबा म्हणत, बाबासाहेबांनी कधी उन्हाचं कारण सांगितलं नाही. त्या सुटाला उभ्या आयुष्यात त्याची स्वतःची हवा मिळाली नव्हती. आज मिळाली होती.

"आत दोन थर्मल आहेत," आई म्हणाली. "मी मोजून घातले. बघ, छाती ऐक."

मी खरोखर कान लावला. छाती स्वच्छ होती, जरा जोरात धडधडत होती इतकंच.

जंगलात आम्ही पोचलो तेव्हा हिरव्या-तपकिरी कपड्यांतले सगळे लोक वळून बाबांकडे बघायला लागले. डोरीन पुढे आली. तिनं बाबांची बाही कानाशी धरली आणि चोळली. पुन्हा चोळली. बाही ओढून पाहिली. सीताबर्डीच्या शिंप्यानं ती मनगटाला बेतून बसवली होती. मग तिनं कापड बोटांत धरलं.

"ही लोकर कुठली?"

"नागपूर," बाबा म्हणाले. "माझ्या मापाची."

"माझे आजोबा टाय लावूनच बाण मारायचे," डोरीन म्हणाली. "त्यांच्यानंतर तुम्हीच. फक्त तो टाय वेस्टकोटात खोचा, दोरीत अडकेल." आणि तिनं तो स्वतःच्या हातानं खोचून दिला.

त्या दिवसाचं काय सांगू. बाबा जिंकले नाहीत, सोळा जणांत नववे आले. तिसऱ्या हरणाजवळ बर्फाळ पाऊस सुरू झाला, आणि बाबांच्या सुटावर थेंब मोत्यांसारखे बसून राहिले, आत शिरलेच नाहीत. मूर्ख अस्वलाला त्यांनी पहिल्याच बाणात छातीवर गाठलं, आणि मग टोपी काढून अस्वलाला "जय भीम" म्हणाले. क्लबातले चार जण त्या दिवसापासून अस्वलाला जय भीम घालतात, आजही. मी हसता हसता माझा बाण पानांत हरवला. इतकी मी इंग्लंडात आल्यापासून हसले नव्हते.

चहाच्या तंबूत बाबा माझ्याकडे बघत होते. माझ्या अंगात पातळ फ्लीस होतं, पार भिजलेलं.

"तुझे दात वाजून राहिले," ते म्हणाले.

"मस्त हवा आहे," मी म्हटलं.

फेब्रुवारीत बॅगा भरायला काढल्या. आईनं माहेरच्या अख्ख्या गावासाठी चॉकलेटं घेतली होती, त्यामुळे वजनकाट्यावर बॅग रोज चढे आणि रोज उतरे. जायच्या दिवशी सकाळी बाबांनी सुटाचा कोट आणि विजार बॅगेत घातली आणि वेस्टकोट माझ्या हातात दिला.

"हा बसत नाही," ते म्हणाले.

"बाबा, एवढ्याशानं काय वजन होतंय?"

"बॅगेत नाही. मला बसत नाही आता. घालून बघ."

मी घातला. ढगळ होईल अशी माझी खात्री होती. तो अंगावर असा बसला की जणू माझ्या मापानं बेतला होता. खांदे आत घेतलेले, कमरेला नवी शिवण, बटणं बायकांच्या बाजूनं. आई खिडकीकडे तोंड करून हसत होती. बेलग्रेव्ह रोडवरचा शिंपी तिच्याच मैत्रिणीचा नवरा.

"बाबा, हे उतरलेलं झालं की," मी म्हटलं.

"उतरलेलं कसं? मी तुझ्या मापाचं करून दिलं," बाबा म्हणाले. "आत बघ."

मी आतली शिवण उलटी केली. हॅलम आजोबांची पट्टी होती त्याच जागी एक पांढरी पट्टी होती, आईच्या हातचे निळ्या दोऱ्याचे बारीक टाके. सीमा भीमराव मेश्राम. त्याखाली आमचा रस्ता, घराचा नंबर, लेस्टर, आणि पोस्टकोड, एकही अक्षर न चुकता.