शंभर दिवसांचा फ्लेक्स

रणजीत युनियनचा अध्यक्ष होऊन शंभर दिवस झाले, तरी निघोज्याच्या कारखान्यात बायकांच्या संडासाला कडी लागली नव्हती. पॅकिंगच्या लाइनवरच्या उत्कर्षाचं डोकं फिरलं होतं.

“दोनशे मतांच्या फरकानं निवडून आलाय त्यो,” शिफ्ट सुटल्यावर जुने कामगार बबनराव म्हणाले. “जरा दम धर की, पोरी.”

“माझंही मत त्यालाच होतं, काका. मतं मोजायला एक दिवस पुरला. कडी बसवायला किती लागतात?”

तेवढ्यात गेटवर नवा फ्लेक्स दिसला: ‘अध्यक्षांच्या यशस्वी शंभर दिवसांबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांच्या रांगेत तिचाच फोटो, तिला न विचारता छापलेला.

उत्कर्षानं खिशातला कटर काढला आणि फ्लेक्समधून आपला चेहरा कापून बबनरावांच्या हातात ठेवला.

“सांगा त्याला, फरक आता एकशे नव्व्याण्णवचा.”