दूध बंद, शेंगदाणे चालू

वसमतजवळच्या एका गावात, आशाबाईंच्या घरी ‘ॲलर्जी’ हा शब्द मोबाईलमधून आला आणि पाहुण्यासारखा ऐसपैस बसला. त्यांची नात वैष्णवी अडीच वर्षांची. जुलाबाच्या आजारातून उठल्यापासून दूध प्यायलं की तिचं पोट फुगायचं, गुरगुरायचं, पातळ शी व्हायची. आशाबाईंनी एक व्हिडिओ पाहिला, तोही अर्धा, आणि निकाल दिला, “दुधाची ॲलर्जी हाय पोरीला.”

मग काय, दूध बंद. दही, ताक, तूपही बंद. गाईचं वारंसुद्धा पोरीला लागू नये म्हणून गाय लांब परसात नेऊन बांधली. गाईला कुणी विचारलं नाही.

याच घरात शेंगदाण्याच्या चटणीचं बोट चाटल्यावर वैष्णवीचे ओठ दोनदा सुजले होते, अंगावर गांधी उठल्या होत्या. ते मात्र काहीच नव्हतं. ती ‘उष्णता’ होती.

“आत्याबाई, मला शेंगदाण्याची शंका येऊन राहिली,” सून साधना सासूला भीत भीत म्हणाली.

“काहून? आपल्या रानातला शेंगदाणा हाय तो. इकतचा न्हाई!”

घरचा शेंगदाणा असा दगा देईल, हे आशाबाईंना पटण्यासारखंच नव्हतं. साधनाचा नवरा भागवत नेहमीप्रमाणे दोघींच्याही बाजूनं होता, म्हणजे मोबाईल बघत होता.

एकादशीला साधना कपडे वाळत घालत असताना आजीनं मोठ्या मायेनं नातीला शेंगदाण्याचा अख्खा लाडू भरवला. थोड्याच वेळात पोरीचे डोळे सुजून बारीक झाले, ती ओकली, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. आशाबाई मीठ-मिरच्या आणायला आत धावल्या; नजर लागली होती म्हणे. साधनानं लेकराला उचललं आणि शेजारच्या नासेरभाईंचा ऑटो गाठला.

“भाई, वसमत! पोरीला श्वास घेता येईना!”

“बैठ बेटा,” म्हणत नासेरभाईंनी ऑटो काढला तो हॉर्न दाबूनच. साधनाला फक्त ती शिट्टी ऐकू येत होती, आणि ती थांबेल याचीच धास्ती होती.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी एक क्षण न दवडता मांडीत इंजेक्शन दिलं. हळूहळू श्वास मोकळा झाला. वैष्णवीनं जोरात भोकाड पसरलं. ते ऐकून साधनाही रडली.

भागवत आईला घेऊन पोचला. डॉक्टरबाईंनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “दूध तिला सध्या पचत नाही, एवढंच. आजारानं आतडं नाजूक झालंय. त्यानं पोट बिघडेल, जीव नाही जाणार. दही-ताक देऊन बघा. शेंगदाण्याचं तसं नाही. तिचं शरीर त्याला शत्रू समजतं. ही खरी ॲलर्जी. चिमूटभर कूटही जिवावर बेतू शकतं.”

“म्हंजे आमी जे बंद केलं ते चालतंय, अन् जे चालू ठेवलं ते...” आशाबाई नातीकडे बघत म्हणाल्या.

“बरोबर,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर आशाबाईंनी कुटाचा डबा स्वतः बाहेर काढला, मिक्सर घासघासून धुतला. आठवडाभरात त्या ओट्यावर बसून शेजारणींना शिकवू लागल्या, “न पचनं येगळं अन् ॲलर्जी येगळी. मला तर आधीपासूनच शेंगदाण्याची शंका होती.”

साधनानं आतून ते ऐकलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण सासू आता दारातच पोरीच्या हातातला खाऊ तपासत होती, हे काही थोडं नव्हतं. वैष्णवीनं ताकाची वाटी रिकामी केली आणि आणखी मागितलं.