भागीरथाबाईंचं वायफळ

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना राऊटर आहे. रंग मूळचा पांढरा, आता सायीसारखा पिवळट. डोक्यावर दोन शिंगं आहेत, त्यातलं एक मोडलं होतं म्हणून काळ्या चिकटपट्टीनं बांधलेलं आहे. वर्ध्याजवळच्या देवळी गावात, भागीरथाबाईंच्या खाटेजवळच्या फळीवर माझा मुक्काम असतो. सारं जग मला वायफाय म्हणतं, या घरात वायफळ म्हणतात. आधी या नावाचा मला भारी राग यायचा. आता दुसऱ्या नावानं हाक मारली तर मी ओ देणार नाही.

माझा जन्म कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. मी एका पट्ट्यावरून सरकत होतो, कोणी शिंगं बसवली, कोणी पाठीवर नंबर चिकटवला आणि खोक्यात घालून झाकण लावलं. ते उघडलं थेट देवळीत, रत्नदीपच्या दुकानात. रत्नदीप कॉम्प्युटर दुरुस्त करतो, प्रिंटरमध्ये शाई भरतो आणि लोकांच्या घरोघरी नेटच्या वायरी टाकून देतो. मान वाकडी करून मोबाईल खांद्यावर दाबायचा, हातानं वायर सोलायची आणि फोनवरच्या माणसाला "उद्या येतोच" म्हणायचं, ही त्याची कायमची तऱ्हा. त्याचा उद्या कधी उगवेल ते त्यालाही ठाऊक नसतं. पण माणूस मनाचा चांगला.

त्यानं मला पहिल्यांदा एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात बसवलं. तिथं मी ऐन उमेदीची वर्षं काढली. हंगाम सुरू झाला की कापसाचे तंतू नाकातोंडात जायचे, पण मी एक दिवस खाडा केला नाही. कौतुक मात्र कधी वाट्याला आलं नाही बघा. मोबाईलवर क्रिकेटची मॅच नीट दिसली की लोक मोबाईलची तारीफ करायचे. मॅच अडकली की पहिली चापट माझ्या डोक्यात. शिंग मोडलं ते तिथंच. पुढं तिथं चार शिंगांचा नवा राऊटर आला आणि मी रत्नदीपच्या दुकानातल्या खोक्यात जाऊन पडलो. तिथं अक्षरं गळालेले कीबोर्ड होते, मेलेले माऊस होते. आता आपलं संपलं, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

मग मयुरीचं काम निघालं. मयुरी ही भागीरथाबाईंची एकुलती एक लेक. पुण्याच्या एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करायची. वडील आधीच गेलेले. त्यात भागीरथाबाई अंगणात घसरून पडल्या, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातात पहिली ताकद आली नाही. पोळ्या लाटायच्या म्हटलं तरी बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. पुण्यात मयुरी तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायची, तिथं आईला कुठं ठेवणार? म्हणून तिनं घरूनच काम करायची परवानगी मागितली. तिच्या वरिष्ठ वर्षाली मॅडम हो म्हणाल्या, पण एका अटीवर. उन्हाळाभर करून पाहा, लाइन सारखी तुटायला लागली तर पुण्याला परत यावं लागेल.

म्हणजे मित्रांनो, लेक आईजवळ राहणार की जाणार, हे सगळं नेटवर येऊन टेकलं होतं.

नेटची लाइन पुढच्या खोलीत आली आणि तिथं नवा राऊटर बसला. पण कामाला शांत जागा मागच्या खोलीत, आणि मधली भिंत जुनी, मातीची, हातभर जाड. नव्या पठ्ठ्याचा आवाज त्या भिंतीत मुरून जायचा. तेव्हा रत्नदीपला खोक्यातला मी आठवलो. त्यानं मला पुसलं, शिंगाला पट्टी बांधली, चौकटीवरून निळी वायर ओढत आणली, पकडीनं तिच्या टोकाला पिन दाबली आणि मला मागच्या खोलीच्या खिडकीत बसवलं. लाइटसाठी जवळ एकच बोर्ड होता, कूलरचा. त्यावरच त्यानं मला खोचलं. हे लक्षात ठेवा, पुढचं सारं रामायण तिथूनच झालं.

भागीरथाबाई दारात उभ्या राहून सगळं पाहत होत्या. हे काय लावलं म्हणून त्यांनी विचारलं. रत्नदीपनं वायफाय म्हणून सांगितलं. बाईंनी मान डोलवली आणि म्हणाल्या, वायफळ होय का, बरं झालं बाप्पा! मयुरी पोट धरून हसली. मला मात्र अस्सा राग आला! जिनिंगमध्ये शिव्या खाल्ल्या, पण बिनकामाचा कोणी म्हटलं नव्हतं.

पण राग फार दिवस टिकला नाही. कारण काही काम नसतानाही माझ्याकडे पाहणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. सकाळी त्या मला कोरड्या पदरानं पुसायच्या. येता-जाता माझे हिरवे दिवे पाहून घ्यायच्या. शेजारीण आली की तिला सांगायच्या, हळू बोल, पोरीचं वायफळ चालू हाय.

मे महिना आला. आमच्या वर्ध्याकडचं ऊन काय असतं, हे ज्यानं खाल्लं त्यालाच माहीत. दुपारी लेकीला गरम होऊ नये म्हणून भागीरथाबाई कूलरमध्ये पाणी भरायच्या आणि बटण दाबायच्या. कूलरची मोटर धडधडत सुरू झाली की बोर्डावरची वीज ढेपाळायची आणि मी बेशुद्ध पडायचो. शुद्धीवर येईपर्यंत मयुरीचा फोन तुटलेला असायचा. कूलर आणि मी यांचं नातं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. रत्नदीपला फोन केला, तर तो लोकांचे विजा पडून जळालेले नेटचे डबे दुरुस्त करण्यात गुंतलेला. उद्या येतोच म्हणाला.

भागीरथाबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून पाहिला. मी तापलेलो होतो. आम्ही राऊटर लोक कामावर असलो की तापतोच, त्यात काही नवल नाही. मयुरीनंही तेच समजावलं. पण बाईंचं मन मानेना.

मग एका दुपारी वर्षाली मॅडमचा फोन आला. मयुरीचे हात कामात होते, म्हणून तिनं आवाज मोठा ठेवला होता. मॅडम रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. आज संध्याकाळच्या मीटिंगमध्ये लाइन तुटली तर मला तुला परत बोलवावं लागेल. मयुरी हो मॅडम, हो मॅडम म्हणत राहिली. दाराआड भागीरथाबाई ऐकत होत्या. त्यांनी आपल्या परीनं सरळ हिशेब लावला: वायफळ तापतं, तापलं की पडतं, ते पडलं की पोरगी जाते.

मयुरी चहा घ्यायला उठली तेवढ्यात बाई माझ्याजवळ आल्या. हातात जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा होता, माठाच्या पाण्यात भिजवून पिळलेला. दुखऱ्या मनगटानं तो कितीसा पिळला जाणार! त्यांनी त्याची नीट घडी केली आणि माझ्या कपाळावर ठेवली. मित्रांनो, इतक्या मायेनं मला कोणी कधी हात लावला नव्हता. मी ओरडून सांगणार होतो, बाई, नका! पण देवानं मला शिंगं दिली, तोंड दिलं नाही. पाण्याचे थेंब फटींतून आत उतरले. आत चटकन काही तरी उडालं आणि माझे सगळे दिवे गेले.

पुढचं मी नंतर रत्नदीपच्या तोंडून अनेकदा ऐकलं. मी दुरुस्तीसाठी त्याच्या दुकानात पडून होतो, तेव्हा आलेल्या प्रत्येकाला तो ही गोष्ट सांगायचा.

मयुरी परत आली, तिनं ओली घडी पाहिली आणि तिचा तोल सुटला.

"आई, माह्या नोकरीवर पाणी फेरलं तू."

भागीरथाबाई खिडकीला धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताप होता बाई त्याले. तू लहानपणी तापली का अशीच पट्टी ठेवत होती मी. त्याले काई झालं त तू चालली जाशीन ना."

मयुरी तिथंच जमिनीवर बसली. रडली की काय, ते रत्नदीपनं कधी सांगितलं नाही. तो नेमका त्याच वेळी दारात पोचला होता. त्याचा उद्या एकदाचा उगवला होता! त्यानं मला उचललं, हलवलं, पाणी गळताना पाहिलं. मग बोर्डाकडे पाहिलं, कूलरचं बटण दाबलं आणि वरचा दिवा मंद होताना पाहून कपाळावर हात मारून घेतला.

"काकू, चूक माही हाय," तो म्हणाला. "याले कूलरच्या बोर्डावर मीच लावलं होतं. हे आधीपासूनच बेशुद्ध पडून राह्यलं होतं. तुम्ही त फक्त पट्टी ठेवली."

मग त्यानं वेळ घालवला नाही. माझ्या पाठीतली निळी वायर उपटली आणि सरळ मयुरीच्या लॅपटॉपात खोचली. पुढच्या खोलीतल्या राऊटरचा आवाज तिच्यापर्यंत पोचला, माझी गरजच उरली नाही. मीटिंग सुरू होऊन गेली होती. उशीर का झाला म्हणून मॅडमनी विचारलं. लाइट गेली होती, असं मयुरीला सांगता आलं असतं. पण तिनं खरं ते सांगितलं. राऊटरला ताप आला म्हणून आईनं त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. वर्षाली मॅडम म्हणाल्या, आजचा दिवस मी हिशेबात धरत नाही. त्यानंतर लाइन तुटली नाही आणि उन्हाळा संपला तरी मयुरी देवळीतच राहिली.

रत्नदीपनं मला उघडून उन्हात वाळवलं, ब्रशनं साफ केलं. मी जागा झालो, पण पहिला दम राहिला नाही. आता माझा आवाज एका खाटेपलीकडे जात नाही. तो मला भंगारात टाकणार होता. भागीरथाबाईंनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. म्हणून मी त्यांच्या खाटेजवळ आहे, वेगळ्या बोर्डावर, आणि त्यांच्या एकटीचा मोबाईल चालवतो. रोज सकाळी त्या आधी पदराला हात पुसतात आणि मगच माझ्या डोक्यावर ठेवतात.

परवा मात्र माझ्या डोक्यावर कोणाचा हात पडला नाही. दिवस वर आला तरी बाई उठल्या नाहीत. मागच्या खोलीतून मयुरीच्या कामाचा आवाज येत होता, लाइन अगदी उत्तम चालली होती. मग तो आवाज थांबला. मयुरी आली, आईच्या कपाळाला हात लावला आणि तशीच माठाकडे गेली. जुन्या लुगड्याचा तोच तुकडा होता. तिनं तो चांगला घट्ट पिळला, घडी केली आणि आईच्या कपाळावर ठेवला.

बाईंनी डोळे उघडले. "काऊन व, काम सोडून आली? तुहं वायफळ बंद पडन."

"पडू दे," मयुरी म्हणाली आणि पट्टी उलटी केली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी तरी कोपऱ्यात बसून काम करत असेल. त्याला कूलरच्या बोर्डावर लावू नका, कोरड्या फडक्यानं पुसा, मोकळी हवा द्या. आम्ही तापतो, पण तो ताप काही खरा नसतो. ज्यांचा खरा असतो, त्यांच्या कपाळाला आज एकदा हात लावून पाहा. तेवढा वेळ आमचे दिवे बंद राहिले तरी चालतील.